एपी फिजिक्समधून कॉलेज क्रेडिट: सुरुवात कॉलेजच्या टोकाकडून करा

अमेरिकेत पोरगं नववीत गेलं की मंडळाच्या गणपतीत आणि पॉटलकला एपीच्या (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे शाळेत असतानाच द्यायच्या कॉलेजच्या पातळीच्या परीक्षा) गप्पा सुरू होतात. कोणी किती एपी घेतल्या, कोणाला किती पाच मिळाले (गुण १ ते ५, पाच म्हणजे पैकीच्या पैकी). फिजिक्सचा विषय निघाला की आपल्याला जरा जास्तच जोर चढतो, कारण अकरावी-बारावीचं फिजिक्स अजून थोडंफार आठवत असतं. पण त्या पाचाचं पुढे कॉलेजात नेमकं काय होतं, हे विचारलं तर बहुतेक जण गडबडतात. आमच्याकडे दोन मुलं या वाटेने गेली, एक इंजिनीअरिंगला आणि एक बायॉलॉजीला. पाच दोघांनाही मिळाले, त्या पाचांचं झालं मात्र वेगवेगळं. एकाचा पहिल्या सेमिस्टरचा अख्खा कोर्स सुटला. दुसऱ्याच्या नावावर नुसते इलेक्टिव्ह क्रेडिट (डिग्रीच्या बेरजेत धरतात, पण ठरावीक कोर्सच्या बदल्यात नाही) पडले आणि डिग्रीसाठी त्यांचा काडीचा उपयोग झाला नाही.

कारण साधं आहे. गुण देतं कॉलेज बोर्ड, म्हणजे एपी परीक्षा घेणारी संस्था; क्रेडिट देतं ते कॉलेज. या दोघांत कुठलाही करार नसतो. म्हणून आधी कॉलेज काय मागतं ते बघायचं आणि तिथून मागे येत परीक्षा ठरवायची.

१. चार परीक्षा, आणि त्या एकसारख्या नाहीत

एपी फिजिक्स नावाची एकच परीक्षा नाही. सध्या चार आहेत आणि प्रत्येकीला वेगळी फी, वेगळा गुण.

फिजिक्स १ मध्ये कॅल्क्युलस लागत नाही. गती, बल, ऊर्जा, संवेग, फिरणाऱ्या वस्तू, आंदोलनं आणि द्रव, एवढा तिचा अभ्यासक्रम. फिजिक्स २ सुद्धा बीजगणितावरच चालते. तिच्यात उष्णता, वीज, चुंबकत्व, प्रकाश, लहरी आणि आधुनिक भौतिकशास्त्र येतं. फिजिक्स सी च्या दोन परीक्षा आहेत, मेकॅनिक्स आणि इलेक्ट्रिसिटी अँड मॅग्नेटिझम. या दोन्हींना डिफरन्शिएशन आणि इंटिग्रेशन लागतं, म्हणजे मुलाने कॅल्क्युलस आधी केलेलं असावं किंवा त्याच वर्षी तरी चालू असावं. चारही परीक्षांचा दर्जा कॉलेजच्या एकेका सेमिस्टरइतका धरला जातो.

इंजिनीअरिंग, फिजिक्स आणि बऱ्याच ठिकाणी कॉम्प्युटर सायन्सलाही कॅल्क्युलसवर आधारित फिजिक्स लागतं. तिथे फिजिक्स १ चे पाच गुण घेऊन गेलात तर 'छान' म्हणतील आणि कोर्स पुन्हा करायला लावतील. बायॉलॉजी, फिजिकल थेरपी, आर्किटेक्चर अशा शाखांना अनेकदा बीजगणितावरचं फिजिक्स पुरतं, तिथे १ आणि २ कामी येतात. मुलाचा कल इंजिनीअरिंगकडे असेल आणि शाळेत सी असेल, तर क्रेडिटच्या हिशेबाने सी लाच प्राधान्य द्या. म्हणून फिजिक्स १ वाया जाते असं नाही. अकरावीत १ आणि बारावीत सी हा क्रम पुष्कळ मुलांना मानवतो, फक्त क्रेडिट बहुधा सी चंच मिळणार हे डोक्यात असू द्या.

जुन्या पुस्तकांपासून मात्र जपून. मंडळात पुस्तकं एका घरातून दुसऱ्या घरात फिरतात, चांगलंच आहे ते. पण फिजिक्स बी ही परीक्षा २०१४ नंतर बंद झाली, आणि २०२५ च्या परीक्षेपासून चारही परीक्षांची रचना बदलली. द्रवांचा भाग २ मधून १ मध्ये आला आणि दीड-दीड तासाच्या सी च्या परीक्षा तीन-तीन तासांच्या झाल्या. त्याआधीचं पुस्तक संकल्पना समजून घ्यायला ठेवा, सराव परीक्षेसाठी वापरू नका.

२. कॉलेजचा तक्ता ओळीने वाचा

प्रत्येक कॉलेजच्या रजिस्ट्रारच्या किंवा ॲडमिशनच्या पानावर एपी क्रेडिटचा तक्ता असतो. कॉलेज बोर्डाच्या साइटवरही कॉलेजनुसार धोरण शोधायची सोय आहे. ती चाचपणीपुरती ठीक, शेवटचा शब्द कॉलेजच्या स्वतःच्या पानाचा.

तक्त्यात साधारण चार रकाने असतात: परीक्षा, किमान गुण, किती क्रेडिट, कुठल्या कोर्सच्या बदल्यात. बहुतेकांची नजर तिसऱ्या रकान्यावर खिळते. खरा आहे चौथा. तिथे एखाद्या कोर्सचा नंबर असेल तर तो कोर्स सुटला. तिथे 'जनरल' किंवा 'इलेक्टिव्ह' असं काही असेल, तर एकूण क्रेडिटची बेरीज वाढते पण फिजिक्सचा कोर्स डोक्यावर तसाच राहतो. आमच्या धाकट्याचं हेच झालं.

त्यानंतर तळटीपा वाचा, कारण सगळी मेख तिथेच असते. काही कॉलेजं सी च्या दोन्ही परीक्षांत पाच असल्याशिवाय काही देत नाहीत. काही व्याख्यानाचं क्रेडिट देतात आणि लॅब वेगळी करायला लावतात. काही विद्यापीठांत एक नियम विद्यापीठाचा आणि दुसरा, जास्त कडक, इंजिनीअरिंग विभागाचा असतो. अशा वेळी विभागाचा नियम धरून चाला.

सरकारी आणि खासगी कॉलेजांतही फरक पडतो. इलिनॉयमध्ये राज्याच्या कायद्याने सरकारी कॉलेजांना ३ किंवा जास्त गुणांना क्रेडिट द्यावंच लागतं. कॅलिफोर्नियाच्या यूसी या सरकारी विद्यापीठांत ३ पासून युनिट (म्हणजे क्रेडिटच) मिळतात, पण फिजिक्सच्या सगळ्या परीक्षा मिळून त्यांना कमाल मर्यादा आहे, आणि मेजरसाठी (मुख्य विषयासाठी) ते युनिट कसे धरायचे हे प्रत्येक कॅम्पस ठरवतो. दुसऱ्या टोकाला कॅलटेक हे खासगी विद्यापीठ. तिथे एपीला क्रेडिटच नाही, पुढच्या कोर्सला बसायचं असेल तर त्यांचीच परीक्षा द्यायची.

मुलाच्या यादीतली पाच-सहा कॉलेजं घ्या, एका कागदावर त्यांचे चौथे रकाने शेजारी शेजारी लिहा. अर्ध्या तासाचं काम आहे. कुठली परीक्षा द्यायची आणि दुसरी द्यायची की नाही, ते तिथेच कळतं.

३. नोंदणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच

परीक्षा मेमध्ये असते, पण नाव नोंदवायचं आदल्या शरद ऋतूत. भारतातून नव्याने आलेली कुटुंबं इथेच गाफील राहतात, कारण आपल्याकडे फॉर्म परीक्षेच्या जरा आधी भरायची सवय. मुलाच्या कॉलेज बोर्ड खात्यातून 'माय एपी' मध्ये जायचं, शिक्षकांनी दिलेला जॉइन कोड टाकायचा आणि परीक्षा देणार असं नक्की करायचं. नोव्हेंबरच्या मध्यानंतर नोंदवलं तर प्रत्येक परीक्षेमागे ४० डॉलर जास्त. नोंदवून परीक्षा दिली नाही तरी ४० डॉलर जातात. २०२५ साली अमेरिकेत एका परीक्षेची फी ९९ डॉलर होती. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना सवलत मिळते, शाळेच्या कौन्सेलरला विचारायला लाजू नका.

परीक्षेला बसायला एपीचा वर्ग केलेलाच हवा, अशी अट नाही. शाळेत फिजिक्स सी शिकवत नसतील आणि मुलाने घरी तयारी केली असेल तर फक्त परीक्षेपुरती नोंदणी होते. स्वतःच्या शाळेत ती परीक्षाच नसेल तर जवळपासच्या दुसऱ्या शाळेच्या एपी कोऑर्डिनेटरला सप्टेंबरच्या सुरुवातीलाच फोन करा. बाहेरच्या मुलांना घेणं त्यांच्यावर बंधनकारक नाही, शिवाय जागाही मोजक्याच. फोनवर गोड बोला, मागाहून आभाराची ईमेल पाठवा. पुढच्या वर्षी धाकट्यालाही तिथेच बसायचं असतं!

४. अभ्यास: बारावीचं फिजिक्स आठवतं म्हणून भागत नाही

परीक्षा तीन तासांची. ८० मिनिटांत ४० बहुपर्यायी प्रश्न, मग १०० मिनिटांत चार लेखी प्रश्न, दोन्हींना निम्मं-निम्मं वजन. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. सूत्रांचा तक्ता मिळतो, कॅल्क्युलेटरही चालतो. मग पाठ करायचं काय, असा प्रश्न आपल्या पिढीला पडतो. उत्तर असं की जवळजवळ काहीच नाही. आणि नेमकी म्हणूनच फिजिक्स १ ही बरीच वर्षं पाच गुण मिळायला सगळ्यात अवघड परीक्षांपैकी एक राहिली.

एक नमुना बघा. उतारावरून एक भरीव गोळा आणि एक कडं, दोन्ही एकाच वजनाचे आणि एकाच त्रिज्येचे, एकाच वेळी सोडले. दोन्ही न घसरता घरंगळतात. खाली आधी कोण पोचेल? आपण लगेच सूत्र मांडून गोळ्याचं त्वरण जी साइन थीटाच्या ५/७ आणि कड्याचं १/२ काढतो आणि खाली रेघ मारतो. परीक्षा मात्र आधी समीकरण न वापरता कारण विचारते. मुलाने लिहायला हवं की कड्याचं सगळं वस्तुमान कडेला आहे, त्यामुळे त्याच उंचीवरून उतरताना त्याच्या ऊर्जेचा मोठा हिस्सा फिरण्यात जातो आणि पुढे सरकायला कमी उरतो, म्हणून गोळा आधी. मग सूत्र काढायला सांगतात. आणि शेवटी, तुमचं सूत्र तुमच्या आधीच्या कारणाशी जुळतं का, ते कसं, हे वाक्यात लिहा. इथे आपली मुलं गुण घालवतात. गणित चोख असतं, वाक्य नसतं.

दुसरा प्रकार प्रयोगाचा. साधा लंबक आठवतोय? आपण जर्नलमध्ये आवर्तकाल काढला, आलेख चिकटवला, व्हायवात दोन प्रश्न आले आणि सुटलो. इथे विचारतात की तुमच्याकडे फक्त दोरी, वजन, मोजपट्टी आणि स्टॉपवॉच आहे, जी (गुरुत्वीय त्वरण) काढायचा प्रयोग तुम्हीच आखा. काय मोजाल, किती वेळा, चूक कमी कशी कराल, आणि सरळ रेघ यावी म्हणून कुठल्या अक्षावर काय घ्याल? आवर्तकालाचा वर्ग उभ्या अक्षावर, लांबी आडव्या अक्षावर, आणि चढ म्हणजे चार पाय (π) वर्ग भागिले जी. हे घरी एकदा करून बघा. पडद्याच्या दांडीला दोरी आणि तिला कुलूप बांधलं की झालं काम, एक दुपार पुरते. मुलाला रेघ स्वतःच्या हाताने काढू द्या, आपण पेन्सिल हातात घ्यायची नाही. (हे बाबांसाठी.)

सरावासाठी महागडा क्लास लागतोच असं नाही. मागच्या वर्षांचे लेखी प्रश्न कॉलेज बोर्डाच्या साइटवर फुकट आहेत, सोबत गुण कशाला दिले त्याची तपशीलवार उत्तरसूची आणि मुलांच्या खऱ्या उत्तरांचे नमुनेही. दोन गुण मिळालेलं उत्तर आणि आठ गुण मिळालेलं उत्तर शेजारी ठेवून मुलाला वाचायला लावा. दहा तासांच्या व्हिडिओपेक्षा त्यातून जास्त कळतं. वर्गात नाव नोंदवलेलं असेल तर एपी क्लासरूममध्ये प्रत्येक युनिटचे प्रश्न आणि छोटे व्हिडिओ मिळतात. फेब्रुवारीपासून आठवड्याला दोन लेखी प्रश्न, घड्याळ लावून, एवढं नियमाने झालं तर पुरे.

५. काय काय जपून ठेवायचं

एका फोल्डरमध्ये हे असू द्या:

- कॉलेज बोर्ड खात्याचा लॉगिन, आणि तोही मुलाच्या खासगी ईमेलवर. शाळेचा ईमेल पदवीनंतर बंद होतो आणि मग गुण पाठवताना धावाधाव होते.
- लॅबची वही किंवा रिपोर्ट, वर्षभराचे. एपी फिजिक्सच्या वर्गात जवळपास पाव वेळ प्रयोगांना द्यायचा असतो, आणि लॅबचं क्रेडिट देताना काही कॉलेजं ही वही बघायला मागतात. शाळा संपली की मुलं सगळं रिसायकलच्या डब्यात टाकतात. तुम्ही वाचवा.
- कोर्सचा सिलॅबस, शिक्षकांनी सप्टेंबरमध्ये दिलेला.
- कॉलेजच्या क्रेडिट तक्त्याची प्रत, तारखेसह. धोरणं दरवर्षी बदलू शकतात, बहुधा ज्या वर्षी प्रवेश घेतला त्या वर्षीचा नियम लागू होतो.
- दुसऱ्या शाळेत परीक्षा असेल तर फोटो असलेलं ओळखपत्र.

नावाचंही एकदा बघा. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं. ते पासपोर्टवर एका रकान्यात, शाळेत दुसऱ्या रकान्यात आणि कॉलेजच्या अर्जात गायब, असं सर्रास होतं. नाव किंवा जन्मतारीख जुळली नाही की गुण कॉलेजात पोचूनही मुलाच्या फाइलला लागत नाहीत. सगळीकडे एकच नाव, एकाच क्रमाने.

६. परीक्षेचा दिवस

प्रश्न कॉलेज बोर्डाच्या ब्लूबुक ॲपवर दिसतात. बहुपर्यायी उत्तरं तिथेच द्यायची, लेखी उत्तरं मात्र कागदी पुस्तिकेत हाताने. लॅपटॉपवर ॲप आधीच घालून सेटअप पूर्ण करा, पूर्ण चार्ज करा, चार्जर न्या. पेन्सिली, दोन पेनं आणि नेहमीच्या हातातला कॅल्क्युलेटर. आदल्या रात्री नवीन कॅल्क्युलेटर आणू नका.

७. गुण पाठवणं

गुण जुलैच्या सुरुवातीला येतात, १ ते ५. दरवर्षी एका कॉलेजला फुकट पाठवता येतात, पण त्यासाठी २० जूनपर्यंत कॉलेजचं नाव टाकावं लागतं, म्हणजे गुण कळायच्या आधी. बारावीच्या मुलाने जिथे जायचं ठरलं आहे तेच कॉलेज टाकावं. दहावी-अकरावीच्या मुलाला घाई नाही. अर्ज करताना बहुतेक कॉलेजं स्वतः लिहिलेले गुण धरतात, अधिकृत रिपोर्ट प्रवेश घेतल्यावर एकदाच पाठवला तरी चालतो. नंतर पाठवायला प्रत्येक रिपोर्टचे पैसे पडतात.

रिपोर्टमध्ये आजवरचे सगळे एपी गुण जातात, फक्त फिजिक्सचे नाही. एखादा गुण नको असेल तर तो एखाद्या कॉलेजपासून पैसे भरून रोखून ठेवता येतो, किंवा कायमचा रद्द करता येतो. रद्द केलेला गुण परत मिळत नाही. दोन आले म्हणून रागाच्या भरात कोणी रद्द करत असेल तर थांबवा. क्रेडिट मिळालं नाही तरी त्या दोनाने बिघडत काही नाही.

८. कॉलेजात पोचल्यावर: घ्यायचं की सोडायचं?

पहिला गोंधळ ओरिएंटेशनला. पुष्कळ कॉलेजांत कोर्स निवडायची वेळ जूनमध्ये येते आणि गुण येतात जुलैमध्ये. ॲडव्हायजरला स्पष्ट सांगा की फिजिक्सचे गुण यायचे आहेत. आत्ता पहिला कोर्स धरून ठेवा आणि पाच आले तर ऑगस्टमध्ये बदला, असा मार्ग सहसा निघतो. दुसऱ्या कोर्सच्या जागा तोवर भरू शकतात, म्हणून वेटलिस्टवर नाव टाका. गुण पाठवल्यावर ट्रान्सक्रिप्टवर क्रेडिट खरंच चढलंय का हे सप्टेंबरच्या आत बघा. नसेल तर रजिस्ट्रारला ईमेल, फोन नको. लेखी राहिलेलं बरं.

खरा प्रश्न पुढचा. क्रेडिट मिळालं म्हणून वापरायलाच हवं का? माझं मत असं: सी मेकॅनिक्सला पाच असतील आणि मुलाला विषय आवडत असेल तर जरूर वापरा. चार असतील, किंवा परीक्षा अकरावीत दिली असेल आणि मध्ये वर्षभर फिजिक्स नव्हतं, तर दुसऱ्या कोर्सची एखादी जुनी परीक्षा मागवून मुलाला सोडवायला द्या. पहिल्या पानावरच अडखळला तर पहिला कोर्स करू दे. कॉलेजची लॅब, ग्रुप, प्रोफेसरची ओळख, हे सगळं पहिल्या कोर्समध्ये होतं, आणि इंजिनीअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरचा जीपीए (ग्रेडची सरासरी) पुढे इंटर्नशिपला मागतात. एक जपा: तोच कोर्स कॉलेजात केला की बहुतेक ठिकाणी त्याचं एपी क्रेडिट निघून जातं. दोन्ही मिळत नाहीत.

पैशांचा हिशेब लोक फार सरळ मांडतात. कोर्स सुटला म्हणजे त्याचे पैसे वाचले, असं नेहमी नसतं. अनेक विद्यापीठांत पूर्णवेळ विद्यार्थ्याची सेमिस्टरची फी ठरलेली असते, चार कोर्स घ्या नाहीतर पाच. बचत तेव्हाच होते जेव्हा सगळ्या एपी मिळून अख्खं सेमिस्टर कमी होतं. एका फिजिक्सने खरा फायदा होतो तो वेळापत्रकाला. दुसऱ्या सेमिस्टरचे कोर्स लवकर घेता येतात, किंवा मायनरला (दुय्यम विषयाला) जागा होते.

मेडिकलला जायचा विचार असेल तर वेगळं गणित. अनेक मेडिकल स्कूल फिजिक्सच्या अटीसाठी एपी क्रेडिट धरत नाहीत, किंवा त्याऐवजी वरच्या पातळीचा कोर्स मागतात. एमकॅट या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेतही फिजिक्स असतंच. अशा मुलांनी कॉलेजात फिजिक्स करावं, हे मी धाकट्याच्या अनुभवानंतर सगळ्यांना सांगते.

कॉलेज बदललं तर जुन्या कॉलेजने दिलेलं एपी क्रेडिट आपोआप सोबत येत नाही. नवीन कॉलेज स्वतःच्या तक्त्याने पुन्हा बघतं, आणि त्यासाठी कॉलेज बोर्डाकडून गुण पुन्हा पाठवावे लागतात.

९. पुण्या-मुंबईतून येणाऱ्यांसाठी

भारतातल्या बारावीच्या गुणांना अमेरिकेतली बहुतेक कॉलेजं प्रवेशासाठी धरतात, क्रेडिटसाठी नाही. एपी, आयबी हायर लेव्हल किंवा ए लेव्हल असेल तर क्रेडिटचा विचार होतो. जेईईची तयारी करणाऱ्या मुलांना सी चा गणिती भाग सोपा जातो, अडतं ते वर सांगितलेल्या वाक्यांत आणि प्रयोगात. एपी घेणाऱ्या शाळा मोठ्या शहरांत मोजक्याच, तेव्हा बाहेरच्या मुलांना बसू देणारी शाळा आदल्या ऑगस्टपासून शोधा. अमेरिकेबाहेर फी जास्त असते, वर शाळा आपलं शुल्क लावते ते वेगळं. ओळखपत्र कुठलं चालतं ते आधीच विचारून घ्या.

आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्यांनी हे लिहून ठेवा: दर सेमिस्टरला पूर्णवेळ म्हणजे साधारण किमान १२ क्रेडिट चालू लागतात. एपीची क्रेडिट त्या बारांत मोजत नाहीत. फिजिक्स सुटलं म्हणून कोर्स कमी करण्याआधी इंटरनॅशनल ऑफिसला विचारा, नाहीतर व्हिसाच्या स्टेटसवर येतं.